डेलबर्टच्या वाटणीचा मासा

क्वेलम नदीकाठ, वॉशिंग्टन
बुधवार, १३ ऑगस्ट २०२५

उर्वी,

आशीर्वाद नंतर. आधी हे सांग, मीटिंगला निघताना फ्रिजमधलं दही का उचललंस? माझं विरजण होतं ते. श्रूजबरीच्या माझ्या घरून डबीत घालून सांभाळून आणलेलं, आणि तू ते कॅम्पात नेऊन बटाट्याबरोबर खाल्लंही असशील. आता पुन्हा विरजण कुठून आणू? इथल्या दुकानात दही म्हणून जे मिळतं ते गोड असतं आणि त्याला स्ट्रॉबेरीचा वास येतो.

मराठीत लिहितेय, मुद्दाम. इंग्रजीत लिहिलं असतं तर उभ्या उभ्या वाचून बाजूला ठेवलं असतंस. मराठी तुला अक्षर अक्षर लावून वाचावं लागतं, लहानपणी रविवारच्या शाळेत नाक फुगवून वाचायचीस तसं. तेवढा वेळ तरी मी तुझ्यासमोर बसून राहीन. शिवाय कॅम्पातल्या कुणी डोकावलं तरी त्याच्या हाती काही लागायचं नाही.

जिथे फोन लागत नाही अशा डोंगरात, नदीला आडवं कुंपण घालून मासे मोजत बसायचं, हे तुझं दरवर्षीचंच आहे. मी कधी काही म्हटलेलं नाही. पण दरवर्षी तू घरी येऊन, रुहीला कुशीत घेऊन, केल्विनला बायकोच्या हक्काने चार कामं सांगून जातेस. या वेळी मीटिंगमधून तडक गेलीस. मी हॉलच्या पार्किंगमध्ये तुझ्या मुलीचा हात धरून उभी होते. ती म्हणाली, "आजी, इज मॉम मॅड ॲट अस?" मी म्हटलं, नाही गं, तिला उशीर झालाय.

तू माइकसमोर होतीस, तुला लोकांचे चेहरे दिसले नसतील. मला दिसले. मी मागच्या रांगेत तुझ्या सासूशेजारी बसले होते. तू राज्याच्या मत्स्यखात्याचा शर्ट घालून बोलत होतीस तोवर सगळे ऐकत होते. यंदा समुद्रातून परत येणारे सॅमन फार थोडे असतील, हॅचरीत पैदास केलेले नव्हे, नदीत आपल्या बळावर वाढलेले, हे त्यांना तुझ्याआधीपासून माहीत आहे. विकण्यासाठीची जाळी त्यांनी कित्येक वर्षं आपणहून वर टांगून ठेवलीत. मग माझ्या शेजारची आयरीन उठली. तिने वाद घातला नाही. एवढंच विचारलं, की ऑक्टोबरात तिच्या डेलबर्टला जाऊन वर्ष होईल, त्याच्या कार्याला नदीतल्या त्याच्या जाळ्याच्या जागेवरचे थोडे मासे लागतील, ते तुमच्या हिशोबात धरलेत का.

आणि तू म्हणालीस, "नो, आयरीन. नॉट इव्हन फॉर डेलबर्ट."

उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याचं नाव कशाला घेतलंस? "यंदा शक्य दिसत नाही" एवढं म्हटलं असतंस तरी अर्थ तोच होता. केल्विन उठून बाहेर गेला, त्याची खुर्ची पडली, ते तू ऐकलंस. आयरीन मात्र शेवटपर्यंत बसून राहिली. मग सगळे गेल्यावर तिने खुर्च्या घड्या घालून भिंतीला लावल्या. तुझीही लावली. मी मदत करायला गेले तर म्हणाली, "वसुधा, तुझे गुडघे."

ते लोक काही तुझ्या परवानगीवर अडलेले नाहीत, हे मला केल्विनने समजावून सांगितलं. त्यांच्या जमातीचा सरकारशी जुना करार आहे, त्यांचा हक्क आहे, त्यांची समिती सप्टेंबरात काय ते ठरवेल. आयरीन त्या समितीत आहे. म्हणजे मासे काढायचे की नाही हे तुझी सासू ठरवणार, आणि काढले तर तू तुझ्या कुंपणापाशी बसून ते मोजणीतून वजा करणार. पाण्यात राहून माशाशी वैर म्हणतात, तू तर पाण्यात राहून सासूशी केलंस.

केल्विन मजेत आहे. रुही मजेत आहे. तुमच्या खात्याच्या टेरीच्या सामानाच्या गाडीतून गरम मोजे आणि लसणाची चटणी पाठवतेय. गाडी दर गुरुवारी वर येते म्हणे, तेव्हा उत्तराला सबब नको.

आई


बुधवार, २७ ऑगस्ट

उर्वी,

तुझं उत्तर मिळालं. "फाइन. कोल्ड. लव्ह टू रुही." पाऊस लागला तरी विरघळत नाही असा तो तुमच्या खात्याचा महागडा कागद, आणि त्यावर एवढंच. आयुष्यभर भूल देऊन लोकांना झोपवलं मी, ऑपरेशनआधीचे पेशंटसुद्धा तुझ्यापेक्षा जास्त बोलायचे.

आज गणपती बसले. रुहीने नदीकाठच्या मातीचा केला. सोंड जरा जाड झाली आहे आणि तो खूप जेवल्यासारखा दिसतो, पण बसलाय ऐटीत. माती आयरीनने दाखवली. तिला म्हटलं, दीड दिवसांनी हा पाण्यात सोडायचा. तिने विचारलं, कुठल्या पाण्यात? मी म्हटलं, जिथून माती आणली तिथेच. तिला ते फार पटलं. प्रसादाचे मोदक चार खाल्ले तिने.

आता माझी एक फजिती सांगते. हसायचं असेल तर हास, इथे सगळे हसून झालेत.

त्या मीटिंगपासून माझ्या डोक्यात किडा वळवळत होता. म्हटलं, आयरीनला कार्यासाठी मासे हवेत, तर मासेच मिळवून देऊ की. आपल्याकडे मंडळाच्या गणपतीला दोनशे माणसांचं जेवण मी डोळे मिटून उठवलंय. गेले शहरातल्या त्या मोठ्या दुकानात. हे लांबलचक सॅमनचे तुकडे, गुलाबी, चकचकीत, काटे काढलेले. दोन मोठी पाकिटं आणली. कोळी मसाला होताच, तो लावला, आंबट घातलं, तांदळाच्या पिठात घोळवून तळले, आणि ताट झाकून विहीणबाईंच्या दारात उभी राहिले. म्हटलं, बघ, चव पसंत असेल तर कार्याच्या दिवशी मी आणि केल्विन मिळून हवे तेवढे आणतो. नदीला हात लावायला नको, उर्वीलाही बोल नको.

आयरीनने टेबलावर कागद पसरला, एक तुकडा मोडला, बोटांनी उघडून बघितला. मग विचारलं, "हा कुठला?"

"दुकानातला."

"दुकानाच्या आधी?"

मी पाकीट आठवून सांगितलं, कुठल्यातरी लांबच्या देशातला, समुद्रात पिंजरे टाकून वाढवतात तिथला. ती हो हो म्हणाली. सावकाश तीन तुकडे खाल्ले. तिखटाने नाक पुसलं. मग म्हणाली, "वसुधा, रोजच्या जेवणाला छान आहे. पण डेलबर्टची या माशाशी ओळख नाही."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दुसऱ्या कुणी ही चूक केली तर समजू शकते, उर्वी. मी कोळणीची मुलगी. माझी आई बाजारात बसायची तेव्हा गिऱ्हाईक पापलेट बघायच्या आधी विचारायचं, कुणाच्या होडीचं? आणि आई खोटं सांगायची नाही. तीच मी, श्रूजबरीत पंचेचाळीस वर्षं पाकिटातले मासे खाऊन अशी झाले की मासा तो मासा म्हणून ताट घेऊन निघाले, तेही कुणाच्या दारात! हात दाखवून अवलक्षण.

पण त्या दिवसापासून आयरीन रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसते. मी लाजले हे तिने पाहिलं होतं, म्हणून असेल.

केल्विन तिच्या घराचा व्हरांडा दुरुस्त करतोय, त्यामुळे बराच वेळ तिकडेच असतो.

आई


बुधवार, १० सप्टेंबर

उर्वी,

दोन पानं, पाठपोट! तुझी शुद्धलेखनाची पहिली वही मिळाली होती तेव्हा झाला नसेल एवढा आनंद झाला. इंग्रजीत असली तरी चालतील. मी चष्मा लावून दोनदा वाचली.

तू लिहिलंस ते मला नीट समजलं. पाणी तापलंय, मासे वाटेतच दमून उलटे होतायत, तुझ्या कुंपणापर्यंत पोचणारी प्रत्येक मादी म्हणजे पुढच्या चार-पाच वर्षांची नदी. "मादीला जाळ्यात अडकल्यावर हे कळत नाही की जाळं हक्काचं होतं की चोराचं." बरोबर आहे तुझं. पण आयरीनने मला काय सांगितलं तेही ऐक.

ती म्हणते, वर धरण बांधलं ते आम्ही नाही. डोंगरावरची झाडं कापली, ओढ्यांवर सावली राहिली नाही, ते आम्ही नाही. समुद्रात आमच्या आधी किती जाळी, किती गळ लागतात, ते कुणी आमच्या हॉलमध्ये येऊन माइकवर सांगत नाही. मासा एवढं सगळं चुकवून नदीत येतो, तेव्हा वाटेत शेवटचं जाळं आमचं असतं. म्हणून मासे कमी झाले की सगळ्यांना आधी आमचंच जाळं दिसतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मी तिला इंग्रजीत समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिला संन्यासी माहीत नव्हता, पण फाशी कळली.

मी तुला आमच्या कोळीवाड्यातल्या बंदीबद्दल कधी सांगितलंय का? सांगितलं असेल, पण तू तेव्हा टीव्ही बघत असशील. पावसाळा तोंडावर आला की अलिबागच्या खालच्या अंगाच्या आमच्या किनाऱ्यावर सगळ्या होड्या वर ओढायच्या. त्यांच्यावर झावळ्या चढायच्या. मग नारळी पुनवेला समुद्राला नारळ देईपर्यंत कुणी जाळं ओलं करायचं नाही. मासळी पोटुशी असते या दिवसांत, आई म्हणायची. घरात सुकट आणि जवळा, बोंबलाचं कालवण. कुणी शिपाई नव्हता, दंड नव्हता. चुलतभाऊ एकदा लपून गेला, तर त्याच्या आईने त्याला आठ दिवस ताटात मासा वाढला नाही, बस्.

मग मोठ्या मोटारबोटी आल्या. रात्री दिवे लावून त्यांनी समुद्र खरवडून काढला. मासळी आटल्यावर साहेब लोक आले आणि बंदी का पाळावी यावर भाषण केलं. कुणासमोर, तर माझ्या भावासमोर. तो मला फोनवर म्हणाला, "वसू, मी बंदी पाळतो म्हणून मीच सापडतो गं त्यांच्या हाताला. न पाळणारे बंदरात थांबतात कुठे?" त्या वर्षी पहिल्यांदा तो बंदीत होडी घेऊन बाहेर पडला. गरज नव्हती. नुसता रागाने. परत आला तो रिकाम्या जाळ्याने.

मला भीती वाटते ती याची. तुझ्या आकड्याची नाही. आयरीन आयुष्यभर जे आपणहून करत आली, ते तू तिला हुकूम म्हणून सांगितलंस. आता ती रागाने जाळं टाकेल, मासा मिळेल, आणि तो मासा कुणाच्याच घशाखाली उतरायचा नाही. तिच्याही नाही, केल्विनच्याही नाही. आणि मग तू त्या घरात कुठल्या तोंडाने पाय ठेवशील?

बरं, आता मागच्या पत्रातलं दुरुस्त करते. व्हरांड्याला काही झालेलं नाही. तू गेलीस त्या रात्रीपासून केल्विन आईकडे झोपतो. सकाळी रुहीला शाळेत सोडायला येतो, तिच्या वेण्या घालतो, माझ्यासाठी लाकडं फोडून ठेवतो, आणि जातो. तुझ्याबद्दल विचारत नाही. तुझं पत्र आलं की मात्र टेबलावर हात टेकून उभा राहतो. मी काल ते मोठ्याने वाचलं. मादीला हक्क कळत नाही हे वाक्य आलं तेव्हा तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "शी'ज नॉट राँग, आई." मग गेला.

समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे.

आई


बुधवार, २४ सप्टेंबर

उर्वी,

बैठक झाली. आत मला जाऊ देत नाहीत, पण आयरीन तिथून थेट माझ्याकडे आली, बूट न काढता खुर्चीत बसली, आणि म्हणाली, "चहा कर. तुझा, तो आल्याचा."

त्यांनी ठराव केला. पहिलं, नदीतल्या आपल्या वाटणीचे मासे हे करारानुसार आपले आहेत, यंदाही आहेत, आणि तसं लिहून राज्याला कळवायचं. दुसरं, यंदा आपल्या वाटणीचे सगळे मासे आपण नदीतच ठेवतो. एकही काढायचा नाही, कार्यालासुद्धा नाही. हे दुसरं आयरीनने मांडलं. काही तरुण मंडळी चिडली, की असं केलं तर पुढच्या वर्षी सरकारी लोक म्हणतील तुम्हाला मासे लागतच नाहीत. त्यांचं म्हणणं खोटं नाही. आयरीन त्यांना म्हणाली, म्हणून तर पहिलं आधी लिहायचं.

मी तिला विचारलं, उर्वीमुळे का गं? माझ्या पोटात आशा होतीच, खोटं कशाला बोलू. ती म्हणाली, "नाही. तिच्यामुळे तर मी उलट जाळं टाकणार होते. बाहेर काढून दुरुस्तही केलं होतं. गेल्या आठवड्यात डेलबर्टच्या जागेवर जाऊन बसले. दिवसभरात एक मासा वर गेला, वसुधा. एक. तो माझ्याकडे बघायलाही थांबला नाही." एवढं बोलून तिने चहा बशीत ओतला. ते तिने माझ्याकडून उचललंय.

तेव्हा मासे वाचले. तू जिंकलीस असं मात्र कुणाला म्हणू नकोस, मनातसुद्धा.

पण तिचं कार्य अडलंय ते अडलंच आहे. मला आधी वाटायचं, कार्य म्हणजे जेवण. तसं नाही. जेवणाला हरणाचं मटण आहे, तिसऱ्या आहेत, बटाटे आहेत, शंभर माणसं पोटभर जेवतील. पण सुरुवातीला एक मासा सगळ्यांत फिरतो. प्रत्येकाने घासभर घ्यायचा. मग त्याचे काटे, डोक्यापासून शेपटीपर्यंत एकही न हरवता, माणसाच्या जागेवर नेऊन नदीला परत द्यायचे. म्हणजे नदीला कळतं की हा माणूस आला होता, खाऊन गेला, आणि काही ठेवून घेतलं नाही. डेलबर्टने सत्तर वर्षं या नदीचं खाल्लं. त्याचं हे शेवटचं परत देणं राहिलं तर तो देणेकरी राहील, असं आयरीनला वाटतं. ती रडली नाही, पण कपाचा कान तिच्या हातातून सुटेना.

रविवारी सर्वपित्री होती. मी तुझ्या बाबांचं पान वाढलं, अळूवडी, खीर, वडे. आयरीन बघत होती. कावळा आला नाही. इथल्या कावळ्यांना खीर समजत नसेल. शेवटी आयरीन उठली, व्हरांड्यात गेली, आणि ताटाला पाठ करून उभी राहिली. म्हणाली, आपण बघत असलो की ते लाजतात. आणि खरंच आला गं.

तिने तुला एक प्रश्न विचारायला सांगितलाय. रागाने नाही, अगदी साधा. तुझ्या कुंपणापर्यंत जे मासे पोचतात, वर जाऊन अंडी घालतात, ते नंतर मरतात हे तिला माहीत आहे. तिने विचारलंय, मेलेले मासे तुझ्याकडे वाहत आले की तू त्यांचं काय करतेस? सविस्तर लिही. शुगरच्या रिपोर्टासारखे नुसते आकडे लिहू नकोस, नीट लिही.

आई


बुधवार, ८ ऑक्टोबर

उर्वी,

आज हे पत्र टेरीच्या गाडीने येत नाहीये. ते कुणी तुझ्या हातात दिलं, ते तू बघितलंच असशील. तिला आधी आत घे. स्टोव्हजवळ बसव. चहासाठी आलं तिच्या खिशात आहे. मग वाच.

तुझं पत्र गेल्या शुक्रवारी आलं. मी ते आयरीनच्या स्वयंपाकघरात वाचलं. ती होती, केल्विन सिंकपाशी होता, पाठमोरा. तू लिहिलंस की अंडी घातलेल्या मादीची शेपूट खडे उकरून उकरून पांढरी पडलेली असते, तरी ती मरेपर्यंत त्या जागेवरून हलत नाही. मग ती वाहत खाली येऊन तुझ्या कुंपणाला टेकते. तू तिला उचलतेस, मोजतेस, कानातला तो बारीक खडा काढून घेतेस, ज्यावरून तिचं वय कळतं. इथपर्यंत आयरीन मान हलवत होती.

मग तू लिहिलंस, की नंतर खात्याच्या नियमाप्रमाणे मासा नदीला परत करायचा असतो, कारण वसंतात निघणारी पिल्लं त्यावरच जगतात. बाकीचे लोक काठावरून फेकतात. "मी आत जाऊन ठेवते, डोकं वरच्या बाजूला करून. सवय आहे."

आयरीन म्हणाली, "परत वाच."

मी वाचलं.

"डोकं वरच्या बाजूला?"

हो, म्हटलं, प्रवाहाच्या उलट. तिने केल्विनकडे बघितलं. त्याने नळ बंद केला होता. तो म्हणाला, "दॅट'स डॅड."

मला काही कळेना. मग आयरीनने सांगितलं. तुमचं लग्न झालं त्या पहिल्या शरदात डेलबर्ट तुला त्याच्या होडीतून घेऊन गेला होता, आठवतं? त्या दिवशी त्याने तुझ्यासमोर काटे पाण्यात सोडले, डोकं नदीच्या वरच्या बाजूला करून, म्हणजे माशाला घरची वाट सापडावी. तुला काही समजावून सांगितलं नाही, तो सांगायचाच नाही काही कुणाला. तू नुसतं पाहिलंस. आणि तेव्हापासून दरवर्षी, खात्याचा शर्ट घालून, गुडघाभर थंड पाण्यात उतरून, तू प्रत्येक माशाला तसंच ठेवत आलीस. का, हे तुलाही आठवत नव्हतं.

आयरीनने ते पत्र माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे त्याचं कार्य तिकडे वर केव्हाचं चाललंय. आणि मी इथे मासा नाही म्हणून बसलेय." तेव्हा मात्र ती रडली. मीही रडले. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

तिचं तुझ्याकडे एक मागणं आहे. ते तीच तुला सांगेल, म्हणून ती एवढा घाट चढून आली आहे. मी फक्त तुझी आई म्हणून आधी कानावर घालते, म्हणजे तू घाबरून खात्याचे नियम सांगायला लागू नकोस. तिला खायला मासा नको. जिने आपलं काम उरकलंय, अंडी घालून जी गेली आहे, अशा एका मादीचे काटे हवेत. ते शनिवारी डेलबर्टच्या जागी सोडायचे. घासभर खायचं ते यंदा राहिलं, ती म्हणते, ते नदीने खाल्लं असं समजू. परवानगीची काळजी तू करू नकोस. त्यांच्या ऑफिसची आणि तुमच्या खात्याची, दोन्ही पत्रं तिच्या पर्समध्ये आहेत. तुमच्या खात्याची सही आणायला केल्विन स्वतः गेला होता. तुझ्या साहेबासमोर टोपी काढून बसला म्हणे. हाच माणूस, त्या ऑफिसात पाय ठेवणार नाही असं मला छातीठोकपणे सांगून गेला होता, ऑगस्टमध्ये.

आणि काटे सोडायला माणूस लागतं. डेलबर्टने ज्याला दाखवलं असं माणूस. केल्विनला येतं, पण आयरीन म्हणते, या वर्षी उर्वीने सोडावेत. हे ती तुला विचारणार नाही. ती तुला नुसतं म्हणेल, शनिवारी अकराला. तू हो म्हण. बाकी कुंपण एक दिवस टेरी सांभाळेल, त्याला मी विचारलंय, बदल्यात मोदक कबूल केलेत.

तू तेव्हा चुकलीस की बरोबर होतीस हे मला विचारू नकोस. मासे कमी आहेत हे खरं आहे, आणि मासे त्यांचे आहेत हेही खरं आहे. पुढच्या वर्षी पुन्हा मीटिंग होईल, पुन्हा तुम्ही सगळे भांडाल, आणि कदाचित तुला पुन्हा नाही म्हणावं लागेल. म्हण. पण ते माइकवर म्हणायच्या आधी आयरीनच्या स्वयंपाकघरात येऊन म्हण. तिच्याकडे चहा आता चांगला होतो.

डब्यात सुकट आणि भाकरी आहे. सुकट मी मुद्दाम जास्त दिली आहे. दोघींना पुरून उरेल इतकी, कारण तुम्ही दोघीच नाही आहात.

खाली गाडी उभी आहे, तीत केल्विन बसलाय. आयरीन त्याला घेऊन आली, की तो तिला, ते दोघं आपापल्या परीने सांगतात. मला म्हणाला, आईला एवढ्या लांब एकटीने गाडी चालवू देणं बरं नाही, मी फक्त गाडीत थांबेन. सकाळी निघताना त्याने दाढी केली होती. तो उतरणार नाही, उर्वी. तो बापासारखा आहे, तोंडाने मागायचं त्याला येत नाही. खिडकीची काच खाली करून बसला असेल, थंडी असली तरी.

हे पत्र आता खाली ठेव, आणि जाऊन त्याला हाक मार.

आई